दोनदा गेलेली फाइल

प्रिय ओग्न्यान,

फोन केला असता, पण फोनवर तू "जाऊ दे गं ताई" म्हणाला असतास आणि मी सुटले असते. म्हणून कागदावर लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

इकडे घरी, रुसेत, सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो. आपलं जुनं चलन लेव्ह जाऊन युरो आल्यापासून ती दुकानात भाव लेव्हमध्ये विचारते, पैसे युरोत देते आणि घरी येऊन आपल्याला लुटलं म्हणते. बाबांना चौऱ्याहत्तरावं लागलं. दारूची चव गेली म्हणतात, पण पेला रिकामा राहत नाही.

आता ऑफिसचं. माझं काम अजून तेच आहे. तुम्ही लोक धान्यकोठारांवरचे वजनकाटे दुरुस्त करत डोब्रिचपर्यंत फिरायचात, डिझेलची, मुक्कामाची, जेवणाची बिलं आपल्या प्रोग्रॅममध्ये भरायचात आणि महिनाअखेरीस मी एकेकाच्या मंजूर बिलांची फाइल काढून बाहेरच्या हिशेबनिसांच्या प्रोग्रॅमला पाठवायचे. पैसे तिकडून तुमच्या खात्यात पडायचे. युरो आला तसा हिशेबनिसांनी नवा प्रोग्रॅम घेतला आणि मागच्या आठ वर्षांची बिलं नव्यानं मागवली. या खेपेला प्रत्येक बिलापुढे दोन जादा रकाने हवे होते: कधी भरलं, आणि कधी, कुणी पाठवलं.

दोन हजार एकोणीसचे मार्च, एप्रिल आणि मे निघाले. तुझं प्रत्येक बिल एकदाच भरलेलं होतं आणि दोनदा पाठवलेलं. दोन्ही वेळा नाव माझं, मध्ये चार-पाच मिनिटांचं अंतर.

मग सगळं आठवलं. त्या वसंतात नेट सारखं तुटायचं. तुझी फाइल सगळ्यांत मोठी, म्हणून तीच अडकायची. स्क्रीनवर 'गेली नाही' असं यायचं आणि मी पुन्हा पाठवायचे. ती आधीच गेलेली असायची. बिलाचा क्रमांक असता तर पलीकडच्या प्रोग्रॅमनं दुसरी फाइल नाकारली असती. पण त्या रकान्यानं कटकट होते म्हणून तो मीच काढून टाकला होता, कुणाला न विचारता.

पैसे तुझ्या खात्यात दोनदा पडले आणि तूच बिलं दोनदा भरलीस असं सगळ्यांनी धरलं. तू तेव्हा एकच वाक्य धरून बसला होतास, "मी एकदाच भरलंय." हिवाळ्याचा थकलेला भत्ता आला असं वाटलं, हेही तू सांगितलंस. ऑफिसच्या प्रमुख झ्लाटेवा मॅडम म्हणाल्या, पोलिसांत जात नाही, पैसे भर आणि राजीनामा दे. आणि मी, तुला त्या नोकरीत चिकटवणारी तुझी सख्खी बहीण, जिन्यात तुला म्हणाले, "पैसे खात्यात आले तेव्हा कळलं नाही का रे?" मी पाठवल्याची नोंद तेव्हाही त्याच कंप्युटरमध्ये होती. मी उघडून पाहिली नाही.

एक गोष्ट लपवत नाही. परवा तो 'कुणी पाठवलं' रकाना मी पुसला होता. जेवणाच्या सुट्टीभर फाइल तशीच होती. कुणी विचारलंही नसतं. मग डबा तसाच ठेवून उठले, रकाना पुन्हा घातला, छापून घेतला आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्या म्हणाल्या, "रादा, सात वर्षांनी काय उकरतेस बाई? तो तिकडे परदेशात, लिन्झला, चांगला कमावतोय ना?" मी म्हटलं, "चोर म्हणून गेलाय तो, मॅडम." त्यांनी कागद चाळले. मग म्हणाल्या, "मजकूर तू लिहून आण, सही मी करते." ते पत्र सोबत आहे. चूक कार्यालयाची, तुझ्यावरचा ठपका चुकीचा, तू भरलेली रक्कम परत मिळेल, असं स्पष्ट लिहिलंय. माझं नावही आहे त्यात. घालू नको म्हणत होत्या, मी घातलं.

बाबांना रविवारी सांगितलं. ते द्राक्षवेल छाटत होते. ऐकताना कात्री थांबली नाही. तीन वेल संपवले आणि विचारलं, "दोनदा दाबलं कुणी?" म्हटलं, "मी." तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सात वर्षं मी चुकीच्या लेकराशी बोलणं टाकलं होतं." त्याच संध्याकाळी कोट चढवून कोपऱ्यावरच्या खानावळीत गेले. तुला जिथं 'माझा मुलगा नाही' म्हणाले होते तिथंच, उभं राहून, सगळ्यांदेखत सांगितलं की माझ्या मुलानं काही घेतलं नव्हतं, मी गाढव आहे. हे मला खानावळवाल्यानं सांगितलं. कारण बाबा आता माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तरी आईला सांगतात, "तिला म्हणावं, मीठ दे." मला राग नाही. तू सात वर्षं हे कसं सोसलंस, ते ताटावर बसलं की थोडं थोडं कळतं.

पत्र आजच टाकण्याचं कारण वेगळंच आहे. काल आईला बाबांच्या कोटाच्या खिशात बसचं तिकीट सापडलं. सव्वीस तारखेला निघून सत्तावीसला पहाटे लिन्झ. कुणाला बोललेले नाहीत. तुला दारात बघून ते बहुतेक चष्म्याचं काहीतरी काम काढून आलो म्हणतील, आणि तुझ्या लेकीकडेच बघत बसतील. सगळा दोष ते स्वतःवर घेतील, तशी त्यांची तयारी दिसतेय. तो त्यांचा नाही. ते पोचायच्या आत हे तुला माझ्या हातानं पोचावं, एवढ्यासाठी लिहिलं. स्टॅंडवर घ्यायला जा. पायऱ्यांवर त्यांचा हात धर, नको म्हणाले तरी. मला उत्तर लिहायची घाई करू नकोस.

तुझीच,
रादा