दादाचे अकरा क्रेट

५ मार्च

चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला वरचं गाव आलं. माझं माहेर! पाच गावांनी मिळून संघ काढला, नियमही केला — आपल्या गावचा टोमॅटो आपण तपासायचा नाही, दुसऱ्या गावचा तपासायचा. नियम करणारे सगळे पुरुष. लग्न झालं की बाई सासरची, एवढंच त्यांच्या डोक्यात. मी म्हटलं, "तिथे माझा सख्खा भाऊ आहे." संघाचे अध्यक्ष गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "आता तू खालच्या गावची." सगळे हसले. मीही हसले, मूर्खासारखी.

८ मार्च

टोमॅटो घेणाऱ्या कंपनीने मऊ माल निघाला म्हणून आमची गाडी दोनदा परत पाठवली आहे. तिसऱ्यांदा परत आली तर करार संपला. एकट्या गावाच्या मालाने गाडी भरत नाही. मग पुन्हा रस्त्यावरचा व्यापारी, तो म्हणेल तो भाव. गुरुजी हे रोज ऐकवतात. घरी आमच्या यांना मात्र थट्टा सुचते — "बहीण परीक्षक, भाऊ परीक्षार्थी. पेपर फुटणार बहुतेक." मला नाही हसू आलं.

१२ मार्च, मंगळवार

वरच्या गावात माझी पहिली तपासणी; आता दर मंगळवारी. आधी एका म्हातारीचे तीन क्रेट आले. वरचा थर लालबुंद. तळाशी हात घातला तर देठाजवळ अंगठा रुतला. परत केले. "हात कडक आहे गं तुझा," म्हणाली. रागावली नाही. एकेक क्रेट डोक्यावर घेऊन तीन खेपांत घरी नेले.

मग दादा. अकरा क्रेट. वहिनीला आठवा महिना, दवाखान्याच्या धावपळीत तोडणी दोन दिवस लांबली — मला ठाऊक होतं. तळाशी हात घातला. तोच मऊपणा. त्याने विनवलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, खरंच. पण तो नुसता उभा. "बघ चिमे, काय ते," एवढंच.

चिठ्ठीवर 'चालेल' लिहिलं. त्याच्याकडे न बघता पुढच्या क्रेटकडे वळले. गाडी संध्याकाळी येते, ज्याचा माल तोच चढवतो. मी चारच्या बसने परत आले.

१३ मार्च

भाजीत मीठ दोनदा पडलं. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष गाडीत आहे. ऊन काय पडलंय! अकरा मऊ क्रेट शेजारचे किती क्रेट नासवतील? माझ्या एका शब्दापायी पाच गावं पणाला लावली मी. लाज वाटते.

१४ मार्च

कंपनीचा निरोप नाही. दादाला दोनदा फोन केला. उचलत नाही.

१५ मार्च

माल पास! जीव भांड्यात पडला. गुरुजी सांगायला स्वतः घरी आले. "गाडी थोडी कमी भरली, पण एक फळ बाजूला काढलं नाही त्यांनी."

म्हणजे दादाचा माल एवढा मऊ नव्हताच. उगाच चार दिवस जीव खाल्ला स्वतःचा. बहिणीला कळतंच की भावाचं फळ किती टिकेल.

मग म्हातारीचे तीन का परत केले? असो. झालं ते झालं.

१६ मार्च

संघाची बैठक. गुरुजींनी मला उभं केलं. "माहेर आहे म्हणून कुरकुरत होती, आणि काम बघा किती चोख!" टाळ्या. कान तापले माझे, पण बरंही वाटलं — खोटं कशाला लिहू. दादा शेवटच्या रांगेत होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या आणि चहा न घेताच निघाला. दारात गाठलं. "रागावलास का रे?"

"छे. तुझी वहिनी एकटी आहे घरी."

माझ्याकडे बघितलं नाही.

१८ मार्च

वहिनीचा फोन. ते अकरा क्रेट दादाने गाडीत चढवलेच नाहीत. मी बसमध्ये बसले आणि त्याने सगळा माल गाईंपुढे ओतला. "तिला कळू देऊ नकोस," म्हणाला होता.

उद्या मंगळवार. दादा पुन्हा माझ्यापुढे क्रेट आणून ठेवणार.