सतरावी बुडी

डोंबिवली, १७ फेब्रुवारी २०२५

ती. सगुणाताईस साईनाथचा साष्टांग. (‘तीर्थरूप’ हा मायना तीस वर्षं हात आपोआप लिहीत आलाय. या खेपेला खरं तीर्थ पाहून आलोय, म्हणून जरा थांबून लिहिला.) तुझे गुडघे काय म्हणतायत? खडवलीची थंडी ओसरली का? आम्ही ठीक, फक्त प्रयागहून परत आल्याचं माझ्या तळपायांना अजून कळलेलं नाही.

पाप धुवायला एवढ्या लांब कशाला, आपली उल्हास नदी काय वाईट आहे, असं गच्चीवर बसून मीच सगळ्यांना ऐकवायचो. मग ऑफिसातल्या उत्तमचं कुंभमेळ्याचं एक तिकीट उरलं, मी निघालो, आणि ही बातमी बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या आधी वर पोचली. ज्यांना जाता येत नाही त्यांच्या नावाने गेलेल्याने बुडी मारायची, ही रीत. तळमजल्यावरच्या दगडाबाई नुसत्या ‘माझ्या नावाने एक मार रे’ म्हणाल्या. सेक्रेटरी त्र्यंबकरावांनी त्याची यादी केली. सोळा नावं, गोत्रासकट, फ्लॅट नंबरसकट (गंगामाईला पुण्य पोचवायला पत्ता नको?), भिजू नये म्हणून लॅमिनेट केलेली आणि गळ्यात अडकवायला दोरी. सतरावं नाव मी मार्करने खाली लिहिलं. तुझं.

तू म्हणालेलीस, ‘साई, मला एकदा ने रे.’ मी म्हणालेलो, ‘त्या गर्दीत तुझे गुडघे? मी मारतो ना तुझ्या नावाने.’ तू माझ्या पोह्यांवर आणखी खोबरं घातलंस.

ताई, थट्टा करायच्या पूर्ण तयारीने गेलेलो. अकरा किलोमीटर टोमणे जुळवत चाललो. सकाळी धुक्यातून तो तरंगता पूल ओलांडला आणि समोर माणसं, नजर संपेपर्यंत. गर्दी नाही म्हणणार. गर्दी आपण डोंबिवलीकर ओळखतो, तिला कोपर असतं. इथे कोणाला कोणाच्या पुढे जायचंच नव्हतं. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, एकाच्या पाठीवर त्याची म्हातारी आई, आणि सगळे त्या गार पाण्याकडे असे निघालेले, जणू आतून कोणी नावानिशी हाक मारलीय. मी तोंड उघडं टाकून उभा. त्यात एकही टोमणा नव्हता.

मग कामाला लागलो. नाव, गोत्र, फ्लॅट नंबर, नाक, बुडी. नवव्या बुडीला (त्र्यंबकरावांचा मेहुणा, मी त्याला पाहिलेलंही नाही) दात वाजायला लागले. सोळा झाल्या. सतराव्याला ‘सगुणा’ म्हटलं आणि खाली वाकलो. माझे गुडघे किती सहज वाकतात, हे तेव्हा लक्षात आलं. तसाच वाकून पुन्हा एकदा ‘सगुणा’ म्हटलं. शेजारी सुनेचा दंड धरून एक आजी उभी होती. तिला वाटलं, गेलेल्या माणसाचं नाव घेतोय. पाठीवर ओला हात ठेवून म्हणाली, ‘कब गुजरीं?’ मी म्हटलं, गेली नाही, बहीण आहे, घरी आहे, गुडघे दुखतात. तिने हात काढून घेतला.

‘जिंदा हैं, तो लाए काहे नहीं?’

ताई, तुझी बुडी मी मारली नाही. ती तुझी तशीच शिल्लक आहे, हे कळवायला हे पत्र.

तुझा,
साईनाथ

ता. क. सत्तावीस साली सिंहस्थ नाशिकला आहे. खडवलीहून कसारा, पुढे गाडी करू. चाकाची खुर्ची बघून ठेवलीय. लाज वाटली तर तिच्यात माझी पिशवी ठेवून ढकलत ये. वाटेल तेव्हा बस.

ता. क. २. बिल्डिंगमध्ये कोणाला बोलू नकोस, पण सोळाही बुड्या मी काठाजवळ रोवलेला बांबू घट्ट धरून मारल्या. पाण्यात पाय सरकायची भीती अजून गेलेली नाही. लहानपणी भातसा नदीत तू माझी कॉलर धरून उभी राहायचीस. गुडघे राहू देत; तुझी ती पकड अजून तशीच आहे का, तेवढं कळव.