बस चुकली असेल

१४ ऑक्टोबर
दुकानातून

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण जन्मभर पायाने मशीन चालवणाऱ्या शिंप्याचे गुडघे कुरकुरणारच. दुकानासमोरचा रस्ता पुन्हा खणलाय, त्यामुळे गिऱ्हाईक येवो न येवो, धूळ नेमाने येते. जावईबापू कसे आहेत? आणि आमची ठकी?

तुला सांगितलं नव्हतं, मी इंग्रजीच्या वर्गाला जातोय. वाचनालयाच्या वरच्या खोलीत, संध्याकाळी. हसू नकोस. ठकीला आपली भाषा येत नाही, मला तिची येत नाही. फोनवर ती "हॅलो आजोबा" म्हणते आणि मग आम्ही दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. म्हटलं, ती शिकेल तेव्हा शिकेल, तोवर आपणच शिकावं.

वर्गात एक नर्स, एक टॅक्सीवाला आणि मी. बाई तुझ्याहून लहान आहेत, पण "आजोबा, लक्ष कुठेय?" म्हणून मला दटावतात. परवाचा धडा प्रवासातल्या अडचणींवर होता. पाहुणा यायचा होता, आला नाही, तर काय झालं असेल? नुसती शंका असली तर 'मे हॅव', खात्री वाटत असली तर 'मस्ट हॅव', आणि शक्यच नसलं तर 'कान्ट हॅव'. आपण आपले सगळ्याला एकच 'असेल' लावून मोकळे होतो.

मला म्हणायचं होतं, बस चुकली असेल. मी शब्दाला शब्द लावला आणि म्हणून बसलो, 'द बस मस्ट हॅव मेड अ मिस्टेक'. टॅक्सीवाला बाकावरून पडायचाच बाकी राहिला. बाई म्हणाल्या, इंग्रजीत बस चुकत नाही, माणूस चुकतो. मी म्हटलं, मग आपलीच भाषा बरी, बसवर ढकलता तरी येतं.

मग प्रत्येकाने वाक्यं करायची होती. मी धडाधड केली. तिला डुलकी लागली असेल आणि थांबा मागे गेला असेल. मुलीला ताप आला असेल. दिवसाचा घोटाळा झाला असेल. बाई खूश झाल्या. फक्त जाता जाता म्हणाल्या, "आजोबा, जे डोळ्यांनी पाहिलं, त्याला यातलं काही लावायचं नाही. ते सरळ सांगायचं."

म्हणून सरळ सांगतो. रविवारी मी थांब्यावर होतो, तू म्हणाली होतीस तसा. बस आली. खिडकीत तू होतीस, शेजारी ठकी काचेला नाक लावून. तू मला पाहिलंस. उठलीस, आणि परत बसलीस. ठकीने मला हात केला. ओळखून नव्हे, ती रस्त्यावरच्या सगळ्यांनाच करत होती. मीही केला. बस पुढे गेली. संध्याकाळी तुझा निरोप आला, बस चुकली. मी कळवलं, चुकली असेल.

का उतरली नाहीस, ते काही मी पाहिलेलं नाही, तेव्हा इथे अंदाज चालेल. आई गेली तेव्हा तुला पोचता आलं नाही. तुझी आत्या चारचौघांत म्हणाली, तिला यायचंच नसेल. ते तुझ्या कानावर आलं असेल. मी तिला तिथल्या तिथे गप्प केलं, हे मात्र कोणी सांगितलं नसेल. किंवा आई नसलेल्या घरात पाऊल टाकायला तुझा जीव धजावला नसेल. माझाही धजावत नाही गं, पण मला जायला दुसरं घर नाही. मशीन थांबवून घरी गेलं की तिथे आवाज म्हणून नसतो. परवा मी अख्खा धडा भिंतीला म्हणून दाखवला.

आणि बाबा रागावला असेल, असं वाटलं असेल तर ते 'कान्ट हॅव'. शक्यच नाही.

ठकीसाठी फ्रॉक शिवलाय. माप घेतल्याशिवाय मी कधी कापडाला कात्री लावली नाही, हा मात्र अंदाजाने बेतला. खिडकीत पाहिली तर पोरगी माझ्या अंदाजाच्या पुढे गेलेली. फ्रॉक आखूड होणार. पण काळजी करू नकोस, शिवणीत माया भरपूर ठेवली आहे, उसवून हवा तेवढा वाढवता येईल. फक्त माप घ्यायला ती समोर उभी हवी.

येत्या रविवारी मी थांब्यावर असेन. हे 'असेन' अंदाजाचं नाही. घरी यायला नको वाटलं तर दुकानातच बसू, दोन स्टुलं आहेत. उत्तरात असेल-नसेल काही नको. 'येते' किंवा 'येत नाही', एवढंच लिही.

टेप गळ्यात अडकवून थांबलेला,
तुझा बाबा