लॉटरीचा नियम बदलला तेव्हाची फेरी

आई, परवा दौंडला स्टेशनबाहेर चहा घेत होतो. शेजारच्या लॉटरीच्या टपरीवर एक कागद चिकटवलेला होता. बंपरच्या पहिल्या बक्षिसाचा नियम बदलला आहे, ज्यांना मान्य नसेल त्यांनी सोडतीच्या आत तिकीट परत करून पैसे न्यावेत, असं त्यावर बारीक अक्षरांत छापलेलं. टपरीवाला मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. कागद लावला, काम संपलं. मला हसू आलं आणि मग तुझी अशी काही आठवण आली की चहा तसाच राहिला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण लॉटरीचा विषय निघाला की मला तूच दिसतेस. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला, छत्रीखाली सुतळी बांधून तिला चिमट्यांनी तिकिटं लटकावून बसलेली.

तुला अक्षर वाचता येत नव्हतं, आकडे मात्र पक्के. गिऱ्हाइकांची नावं तू कधी विचारली नाहीस. प्रत्येकाचा तिकिटावरचा शेवटचा आकडा ठरलेला असायचा, कुणाला सातच हवा, कुणाला नऊ, आणि तू माणसं त्यावरूनच ओळखायचीस. "नऊवालं आबा आज आलं न्हाईत, बरं नसंल त्यास्नी," असं सहज म्हणायचीस. वरवंडच्या बाजारात एका कडक इस्त्रीच्या पुढाऱ्याला तू "या पाचवालं" म्हणून हाक मारलीस, तेव्हा त्याच्याबरोबरच्या लोकांना हसू आवरेना. तो मात्र तेव्हापासून तुझ्याकडेच यायला लागला.

त्या दिवाळीच्या बंपरवर छापलं होतं की पहिलं बक्षीस विकलेल्या तिकिटांतूनच काढणार. म्हणजे कुणाला ना कुणाला ते लागणारच. या एका ओळीवर तू तिकिटं खपवलीस. "ह्या टायमाला कुनाला तरी लागनारच हाय, मंग तुमाला का न्हाई?" असं ओरडून ओरडून तुझा घसा बसला होता. मी तेव्हा शिरूरकडच्या एका कंपनीत नुकताच परमनंट झालो होतो. चाळीस तिकिटं मीही तिथं खपवली. तुझी गड्डी संपत आली आणि तुला तिकिटं पुरवणाऱ्या एजंटचा माणूस एक कागद देऊन गेला. मी तुला तो वाचून दाखवला. आता सोडत छापलेल्या सगळ्याच तिकिटांतून होणार होती, विकलेली असोत वा नसोत. तू तो दोनदा वाचायला लावलास.

"म्हंजी न इकलेल्या तिकिटाचा नंबर निघाला, तर बक्षीस कुनालाच न्हाई?"

"व्हय. ज्याला नको त्यानं तिकीट परत द्यायचं, पैसे मिळतील. छत्रीला कागद लावू, झालं."

"कागद वाचनारं गिऱ्हाईक माझं न्हाई," तू म्हणालीस आणि चपला घातल्यास.

मी जाम चिडलो होतो, खरंच सांगतो. परत आलेल्या तिकिटांवरचं कमिशन जाणार, वर जीपचं भाडं. एजंट तर हे करायला सांगतही नव्हता. पण तू आठवडाभर वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्यास. घर माहीत नसेल तर आकडा आणि वर्णन सांगून विचारत जायचीस. सुट्टीच्या दिवशी मी तुला मोटारसायकलवरून राहूला नेलं. तिथले तीनवाले आप्पा, त्यांच्या वडिलांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस. ते पाणी धरत होते. तू बांधावरूनच सुरू केलंस.

"आप्पा, म्या तुमाला म्हनले हुते कुनाला तरी लागनारच. आता तसं न्हाई ऱ्हायलं. तिकीट द्या, पैसं घ्या."

"आगं, येवढ्यासाठी तळेगावास्नं आलीस? ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. लागलं तर लागलं."

"ऱ्हाऊ द्या की. पन आता कळून ठेवा."

येताना मी म्हणालो, तिकीट तर त्यांनी ठेवलंच, फेरी फुकट गेली. तू मागून माझ्या पाठीत बुक्की घातलीस. "फुकट कशी? पयलं त्यांनी माझ्या बोलन्यावर ठेवलं हुतं, आता सवताच्या मनानं ठेवलं." मग लगेच विचारलंस, "आन् तुझ्या कंपनीतली तिकिटं?" मी म्हणालो, नोटीस बोर्डावर लावतो. "तू तोंडानं इकलीस न्हवं? मंग तोंडानंच सांग." पुढच्या तीन शिफ्टमध्ये मी चाळीस जणांना गाठून सांगितलं. काही हसले, काहींनी पैसे घेतले.

एकच माणूस तुला सापडला नाही, चारवाला, कुठल्यातरी ट्रकवरचा ड्रायव्हर. त्याच्यासाठी तू सलग दोन दिवस शिरूरच्या स्टँडवर बसलीस. सोडतीच्या दिवशी तुला जेवण गेलं नाही. पहिलं बक्षीस न विकलेल्या तिकिटाला निघालं, कुणालाच लागलं नाही. पुढच्या बाजाराला इतर विक्रेत्यांशी लोक भांडत होते. तुझ्यापाशीही आले, पण नवीन तिकिटं घ्यायला. एजंट तेवढा तुझ्यावर डाफरला, "सगळ्या तालुक्यात येवढी तिकिटं परत आणणारी तू एकटीच!" त्यानं रागानं म्हटलेलं हे वाक्य मी पुढं कितीतरी लोकांना छाती फुगवून सांगितलं आहे.

आता मी कंपनीत क्वालिटी बघतो. एखाद्या पार्टमध्ये बदल झाला की बाकीचे मेल टाकून मोकळे होतात. मी लाइनवर जातो आणि ज्याच्या हातात ते काम आहे त्याला उभं राहून सांगतो. पोरं माझी थट्टा करतात, करू देत. परवा दौंडलाही एक म्हातारे गृहस्थ खिशातलं तिकीट चाचपत टपरीपाशी उभे होते. मी त्यांना कागद वाचून दाखवला, नियमाचा अर्थ सांगितला. "तुमी लॉटरीवाले का?" त्यांनी विचारलं. "माझी आई होती," मी म्हणालो, टपरीवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. इतका अभिमान मला माझ्या कुठल्याच प्रमोशनचा वाटला नव्हता.

पण त्या अनोळखी माणसाला सांगणं सोपं होतं गं. कंपनीत तिकिटं खपवताना मी ती कुणाची म्हणून सांगितली होती, ते तुला ठाऊक नाही. "बाजारात बसते एक बाई, तिच्याकडची," असं म्हणालो होतो. नवी नोकरी, नवे शर्ट, मला लाज वाटायची. पैसे परत द्यायला गेलो तेव्हा कँटीनमध्ये एक वयस्क वेल्डर जेवता जेवता थांबला. "आजकाल कोन येतंय असं सांगाया? त्या बाईला माझा नमस्कार सांग," म्हणाला. उष्ट्या हातानंच त्यानं हात जोडले. माझी आई आहे ती, एवढं एक वाक्य होतं. मी नुसतं "सांगतो" म्हणालो. घरी आल्यावर तू विचारलंस, "काय म्हनली मानसं?" मी बूट काढत म्हणालो, काही नाही, पैसे घेतले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून इथंच राहील. त्या वेल्डरचा नमस्कार मी तुला सांगितला नाही, आई.