पेरा मेरियाचा हिरवा उतार

१२ सप्टेंबर

आजपासून आमच्या बेटावरच्या नगरपालिकेच्या खोलीत बसले. वनखात्याच्या नव्या नकाशात ज्यांची जमीन हिरवी झाली, म्हणजे जंगल ठरून सरकारकडे जाणार, त्यांचे आक्षेप लिहून द्यायचे. मालकच हवा असं नाही, जमिनीशी संबंध असलेल्या कुणालाही आक्षेप घेता येतो. मुदत वीस तारखेला दुपारी दोनपर्यंत. बेटावर वस्त्या तीनच. बंदरावरचं स्काला ठीक, डोंगरावरचं होरा ठीक. पलीकडच्या पेरा मेरियाचा पश्चिम उतार मात्र अख्खा हिरवा.

तो मी रंगवला. मार्चमध्ये, अथेन्सला, नकाशाच्या कंत्राटदाराकडे, खुर्चीत बसून.

१३ सप्टेंबर

सिदेरिसकाका आले. ऐंशी पार, पेरा मेरियात आता ते एकटेच राहतात. नकाशा पाहून म्हणाले, "जंगल? माझ्या शेळीला तिथे सावलीपुरतं झाड मिळत नाही!" रांगेतले सगळे हसले. "अथेन्सच्या कुठल्या गाढवाने काढलंय, रोई? तू आहेस म्हणून बरं. आपलं एक तरी माणूस शिकलं."

मी पेन्सिलीला टोक करत बसले. त्यांनी आणलेलं चीज घेतलं!

१४ सप्टेंबर

चीज तसंच आहे.

१६ सप्टेंबर

१९४५चा विमानातून घेतलेला फोटो पुन्हा पाहिला. त्यात शेती दिसली तर जमीन माणसाची, नाही तर सरकारची. फोटो सकाळचा — पश्चिमेचा उतार पूर्ण सावलीत. काळं दिसलं ते मी झुडूप धरलं. शंका असेल तर तशी खूण करायची असते. मला शंका नव्हती. मला माहीतच होतं. लहानपणी तिथल्या बांधांवरून उड्या मारल्यात. त्या दिवशी चाळीस फोटो संपवायचे होते, एवढंच.

१८ सप्टेंबर

काकांबरोबर उतारावरचे दगडी बांध मोजले. एकेचाळीस. "हा बापाने रचला. हा आजोबांचा — तिरका आहे, प्यायलेले असणार."

तेविसाव्यापाशी सांगून टाकलं. "काका, ते गाढव मी."

ते बांधावर बसले. टोपी काढली. "इथे सातू कापायला तुझी आई यायची. तू टोपलीत झोपायचीस."

"हो."

"म्हणजे माहीत होतं तुला."

"हो."

टोपी परत घातली आणि उठले. उरलेले अठरा मोजताना टेपचं दुसरं टोक धरलं. ओरडले असते तर बरं झालं असतं!

१९ सप्टेंबर

काकांचा आक्षेप दाखल. चूक कशी झाली याचं निवेदन माझ्या सहीने जोडलं. त्याशिवाय तो टिकणार नाही. तेवढ्यात अथेन्सहून कंत्राटदार साहेबांचा फोन, निवेदनाची प्रत त्यांनाही गेली होती. आवाज खोलीभर. "असं लिहून दिलंस तर उद्या तुला काम कोण देणार?" काका समोरच बसलेले.

"काय म्हणतोय तो?"

"काही नाही."

सही परत घेतली नाही. घ्यावीशी वाटली.

२० सप्टेंबर

काल संध्याकाळी मी गेल्यावर काका परत आले आणि आक्षेप मागे घेऊन गेले. कारकून आर्गिरोने आज जेवणाच्या सुट्टीनंतर सांगितलं. "म्हणाले, मला असे किती दिवस राहिलेत? पोरीला अजून आयुष्यभर कमवून खायचंय."

मला आधी हायसं वाटलं. खरंच वाटलं.

घड्याळ पाहिलं. एक चाळीस. तिच्याकडे कोरा अर्ज मागितला, माझ्या नावाने.