अंगठा माझा, मजकूर वकिलाचा

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस, आजीचे अनेक आशीर्वाद.

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. विसरभोळी म्हणावं, तर कोर्टात बसून लोकांचं बोलणं शब्दन्‌शब्द टिपून घेण्याचाच पगार घेतेस. तेव्हा ओळख करून देते. मी तुझ्या आईची आई. उंची कमी, जीभ लांब. पटली ना?

हे लिहून घेतेय वरच्या मजल्यावरची नर्सबाई. अक्षर तिचं, त्यामुळे वाचता येईल. माझं असतं तर अंगठाच आला असता, आणि त्या अंगठ्याचंच तर सगळं रामायण आहे.

तुझ्या मामाला कोर्टानं दोषी धरलं, हे कळलंच असेल. आपल्या शिवणखान्यात काजं-बटणं करणारी ती बावीस वर्षांची पोर. दुपारी आतून कडी लावून त्यानं तिच्यावर बळजबरी केली, हे जज्जांना पटलं. मला त्याआधीच पटलं होतं. ती कामावर यायची थांबली आणि हा आठवडाभर माझ्याकडे न बघता जेवला, तेव्हाच. पण आईच्या तोंडून असली गोष्ट बाहेर पडत नाही गं. आत बसून राहते, दातात अडकल्यासारखी.

आता शिक्षा किती, ते एकवीस तारखेला ठरणार. मला वाटलं, कोर्टात मापाची वही असेल. छाती छत्तीस, बाही बावीस, अमुक गुन्ह्याला तमुक वर्षं. वकील हसला. म्हणाला, आजी, ते कमी-जास्त होतं, आणि कमी व्हायला तुमचाच हातभार हवा. कागद पुढे केला. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाला, तुम्ही त्याच्या आई आहात एवढंच. आता ते काय नाकारणार? दिला अंगठा.

तो गेल्यावर डोक्यात आलं, आई आहे एवढं सांगायला दोन पानं कशाला लागतात? तुझ्या आईनं वकिलाकडून नक्कल आणली आहे म्हणे. वाच, आणि मी काय काय बोलले आहे ते मला कळव. वर्षं कशी ठरवतात तेही लिही. लहान मुलाला सांगतेस तसं सांग, चालेल.

लोभ असू दे, आणि तो पत्रातून दिसू दे.

तुझी आजी


दि. १० मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

ओळख पटली. इतकं टोचून बोलणारी दुसरी कुणी माझ्या माहितीत नाही. पत्र लिहिलं नाही कारण मामाबद्दल काय लिहावं ते सुचेना. दिवसभर असले खटले टिपते, पण त्यात आपल्या घरचं माणूस कधी नव्हतं.

तुझी मापाची वही आहे, पण ती फक्त दोन टोकं सांगते. या गुन्ह्याला कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. मधला आकडा जज्ज ठरवतात. आधी गुन्हा किती भारी ते बघतात. जोर केला का, धमकावलं का, ती त्याच्या हाताखाली होती का, तिच्या घरच्यांनी विश्वासानं पाठवली होती का, पुढे तिचं काय झालं. यानं वर्षं चढतात. मग माणूस बघतात. आधीचा गुन्हा नाही, पश्चात्ताप खरा आहे, घरी कुणी त्याच्या आधारावर आहे. यानं थोडी उतरतात. चांगल्या घरचा आहे याला आमचे साहेब फारशी किंमत देत नाहीत. ते म्हणतात, घराचं नाव चांगलं होतं म्हणूनच तर ती बिनधास्त आत गेली.

आता तुझा कागद. दोन पानांतला कामाचा भाग जसाच्या तसा उतरवते. नर्सबाईंनी सावकाश वाचून दाखवावा.

‘मी अंथरुणाला खिळलेली असून मुलाच्या हातूनच घास खाते. त्याच्याकडून एकदा चूक घडली. सदर मुलगी स्वतःहून आमच्याकडे कामाला आली होती व तिचे वागणे मोकळे होते.’

खाली तुझा अंगठा.

आजी, एकवीस तारखेला तू कोर्टात जाऊन सांगू शकतेस की हे तुझं बोलणं नाही. न गेलीस तर कागद राहील, आणि मामाची एखाद-दोन वर्षं कदाचित उतरतील. आई म्हणते, गप्प बस, भाऊ आहे माझा. मी काही म्हणत नाही. मला सायकल त्यानंच शिकवली. रजा काढून येऊ का, तेवढं कळव.

तुझा लोभ आहेच, तो माझ्या चुकांसकट राहावा.

भिंगरी


दि. २३ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

तुला बोलावलं नाही, कारण तू आली असतीस तर मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले असते आणि बोलायचं राहून गेलं असतं. नर्सबाईला घेऊन गेले. कोर्ट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. अंथरुणाला खिळलेली बाई पायऱ्या चढून आत आलेली बघून वकिलाचा चेहरा असा झाला, की दुसरा कुठला दिवस असता तर हसून घेतलं असतं.

आधी त्या पोरीचं म्हणणं सरकारी वकिलांनी वाचलं. ती आली नव्हती. तिची आई समोरच्या बाकावर होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. पोरीनं लिहिलं होतं, कुठेही कडी लागल्याचा आवाज आला की तिच्याकडून सुईत दोरा जात नाही. सुईत दोरा! भिंगरी, तिच्यासारखं काज आमच्याकडे कुणाला जमत नव्हतं.

जज्जांनी मला विचारलं, कागद तुमचा का. मी म्हटलं, अंगठा माझा, मजकूर वकिलाचा. मी धडधाकट आहे, माझा घास मीच खाते. आणि चूक म्हणाल तर चूक म्हणजे काज तिरकं जाणं, ते उसवता येतं. इथवर ठरवून आले होते. पुढचं ठरवलं नव्हतं. समोर ती बाई बसली होती ना. म्हणून सांगितलं, की पोर स्वतःहून आली नाही. मी तिच्या घरी जाऊन मागून आणली. तिच्या आईला म्हटलं होतं, माझ्या नजरेखाली राहील. आणि रोज दुपारी मी जेवायला घरी जात होते.

जज्जांचं लिहिणं थांबलं. ते वाक्य परत सांगा म्हणाले. परत सांगितलं.

चौदा वर्षं दिली. कारणं वाचून दाखवली. ती हाताखालची होती, कडी आतून लावली, शेवटपर्यंत तिलाच खोटी म्हटलं, आणि घरच्या वडीलधाऱ्या बाईच्या शब्दावर तिला तिथे पाठवलं होतं. वडीलधारी बाई म्हणजे मी. वकील जिन्यात म्हणाला, घरी बसला असतात तर अकरात भागलं असतं. खरं की खोटं, तुला माहीत.

त्याला नेताना त्यानं हाक मारली. मला ऐकू आली नाही असं लिही म्हटलं, तर नर्सबाई पेन खाली ठेवून बसली. बरं बाई, लिही. ऐकू आली. मी वळले नाही. त्या पोरीच्या आईनंही माझ्याकडे बघितलं नाही, आणि का बघावं?

तुझी आई माझ्याशी बोलत नाही. तू तिच्याशी बोल, माझी बाजू मांडू नकोस, नुसती तिच्याजवळ बस. शिवणखान्याला कुलूप आहे. यंत्रांवर चादरी टाकल्या आहेत.

तुला माझी लाज वाटली तरी लोभ सोडू नकोस. येणाऱ्या कुणाबरोबर खजूर पाठव, बिया काढलेला. पाव किलोच पाठव. घरात खाणारी आता मी एकटीच.