तळ्याखालची बांधी कोणाच्या नावानं

एकोडी, १० फेब्रुवारी २०२५

ती. बाईस,
इश्वर व रीताचा शि. सा. न. वि. वि.

तुले फोन केला की तू फक्त माझं हॅलो ऐकते आणि पुढं आपलंच सांगत बसते, म्हणून पत्र लिहून राहिलो. तुझा प्रविण म्हणत होता की त्यानं आणलेलं कानाचं यंत्र तू डबीत घालून ठेवलं आहे. डबीले चांगलं ऐकू येत असेल.

इकडं सारे मजेत. पण एक काम अडलं आहे आणि ते तुझ्याशिवाय सुटत नाही. मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत शेतकऱ्यांचे ओळख क्रमांक काढायचं शिबिर झालं. माझी बाकी शेती बरोबर दिसली, तळ्याखालची धानाची बांधीच दिसली नाही. तलाठ्यानं तिचा सातबारा काढला, तर त्यावर अजूनही दाजीबा पाटलाचं नाव. बाबूजीनं ती बांधी त्यांच्यापासून विकत घेतली हे साऱ्या गावाले माहीत आहे, पण फेरफार करायचा राहून गेला.

पाटलाचा नातू भुपेंद्र नागपूरले असतो. आजोबाच्या नावावरची सारी जमीन तो येत्या अक्षय तृतीयेले विकणार आहे. मी त्याले भेटलो. पोरगा वाईट नाही. म्हणाला, "काका, कागद दाखवा, मी त्याच दिवशी बाजूला होतो. कागदच नसेल तर घेणाऱ्याले मी काय सांगू?"

बाबूजीची पेटी उपसली. रेडिओचं लायसन निघालं, मायच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या निघाल्या, तुझी लग्नपत्रिका निघाली. खरेदीखत नाही. साकोलीच्या नोंदणी कार्यालयात दोन चकरा झाल्या. ते विचारतात, साल कोणतं? तिथली पुस्तकं सालावर लावलेली असतात. मले कसं माहीत असणार, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. तू माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. काही आठवते का पाह. तळ्याचं पहिलं पाणी त्याच बांधीत उतरते, घरच्या वर्षभराच्या तांदळाची कोठी तिच्यावरच भरते. ती गेली तर कसं होईल, हे मी रीतासमोर बोलत नाही.

उत्तर लवकर धाड. माया आहे तेवढी ठेव, कमी करू नको.

तुझा,
इश्वर


पवनी, १७ फेब्रुवारी २०२५

चि. इश्वरास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. यंत्र डबीत आहे ते खरं आहे. ते कानात घातलं की शेजारच्या आनंदाबाईचं सारं बोलणं ऐकू येते, म्हणून काढून ठेवलं.

तू साकोलीले कायले शोधून राहिला? दाजीबा पाटील तेव्हा भंडाऱ्याले राहत होते आणि कागदही भंडाऱ्यालेच झाला. मी होती ना बाबूजीसोबत. सातवीची परीक्षा देऊन मले आठ दिवस झाले असतील, म्हणजे एकोणीसशे अडुसष्टचा एप्रिल. बाबूजी सकाळीच म्हणाले की तू चाल. मायनं दोन वेण्या घालून लाल फिती बांधून दिल्या. मी पहिल्यांदा एसटीत बसली आणि तुमसर फाट्याच्या आधीच उलटी केली.

कचेरीत लाकडाचा एक लांब बाक होता. चष्मेवाल्या बाबूनं मले नाव विचारलं, वय विचारलं. मी सांगितलं. मले वाटलं, लहान पोरीची गंमत करून राहिले. नंतर बाबूजीनं भांड्यांच्या दुकानातून मले एक पितळेची लहान लोटी घेऊन दिली आणि आम्ही घरी आलो. बांधीबद्दल मले कोणी काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

साल हेच, यात फरक नाही, कारण पुढच्या जानेवारीत तू झाला आणि घरात दुसऱ्या कशाची गोष्टच राहिली नाही. तुले कडेवर घेऊन माझी कंबर वाकडी झाली, ती अजून सरळ व्हायची आहे.

भंडाऱ्याले जा. उपाशी जाऊ नको, कचेरीत वेळ लागते. रीताले आशीर्वाद. तुमची आठवण रोज काढते, तुम्हीही काढत जा.

तुझी,
गोदाबाई


एकोडी, १२ मार्च २०२५

ती. बाईंस,
रीताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला माझं पत्र पाहून आश्चर्य वाटेल. लग्नाला तीस वर्षं झाली, पण तुम्हा बहीणभावाच्या पत्रात मी फक्त सहीपुरती असायची. आज मात्र मलाच लिहावं लागत आहे, कारण तुमच्या भावाला लिहवत नाही.

हे मागच्या गुरुवारी भंडाऱ्याला जाऊन आले. तुम्ही सांगितलेलं साल अगदी बरोबर निघालं आणि कागदाची नोंद सापडली. एवढं वाचून तुम्ही सुटकेचा श्वास घ्या. पण हे घरी आले ते खांद्यावरची पिशवी न काढताच. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसले. मला वाटलं, बसमध्ये कोणाशी भांडण झालं. मग मला नोंदीची नक्कल दाखवली आणि मीही बसलेच.

त्या दिवसापासून हे रोज जेवण झालं की वही घेतात, "ती. बाईस" लिहितात आणि उठून बैलांना पाहून येतात. बैल आता कंटाळले असतील. सहा पानं फाडून झाली. मी म्हटलं, तुमच्यानं होत नसेल तर मी लिहिते. तेव्हा म्हणाले, "नाही, हे मलेच लिहू दे."

म्हणून मी त्यातलं काही सांगत नाही. दोन दिवसांत त्यांचं पत्र आलं नाही, तर मला दोन ओळी धाडा, मी त्यांना खुर्चीला बांधून बसवते. एक गोष्ट मात्र माझी म्हणून लिहिते. तुम्ही जे ठरवाल त्यात माझ्याकडून अडचण नाही. हे मी मनापासून लिहीत आहे, कोणी सांगितलं म्हणून नाही.

तब्येत सांभाळा. माझ्यावरही थोडी माया असू द्या, सगळी भावावर संपवू नका.

तुमची,
रीता


एकोडी, १४ मार्च २०२५

ती. बाईस,
शि. सा. न. वि. वि.

भंडाऱ्याच्या कार्यालयात दीपमाला नावाच्या बाई आहेत. त्यायनं अडुसष्ट सालच्या सूचीचं पुस्तक काढून दिलं. पानं इतकी पिवळी की उलटायची भीती वाटे. मी घेणाऱ्यांच्या नावात बाबूजीचं नाव, कवडू कापगते, शोधलं. तीनदा पाहिलं, नाही. मी उठून राहिलो होतो, तर त्या म्हणाल्या की विकणाऱ्याचं नाव पाहा. दाजीबा पाटील लगेच सापडले. गट तोच, तळ्याखालची बांधी. घेणार म्हणून लिहिलं होतं: गोदावरी कवडू कापगते, वय तेरा, अज्ञान, पालनकर्ता वडील कवडू.

बाई, बांधी तुझ्या नावानं घेतली आहे. पहिल्या दिवसापासून ती तुझीच आहे. बाबूजीले तेव्हा तू एकटीच होती. मग मी झालो, आणि बाबूजी विसरले, किंवा विसरल्यासारखे राहिले. आता कोणाले विचारणार?

दर संक्रांतीले मी तुले चिन्नोर तांदळाचं एक पोतं धाडतो आणि मनात मोठा फुगतो, की बहिणीले माहेरचं देऊन राहिलो. तुझाच तांदूळ तुले देत होतो.

आता जे लिहितो त्यासाठीच सहा पानं फाडली. परतीच्या एसटीत माझ्या मनात पहिली गोष्ट कोणती आली, सांगू? की बाईले हक्कसोडपत्रावर सही मागावी. तू हसत करून देशील हे मले माहीत होतं. लाखनी येईपर्यंत माझं सारं ठरलं होतं. मग त्याचीच लाज वाटली, की तू नाही म्हणणार नाही हे माहीत असून मी मागणार होतो.

मी मागत नाही. नक्कल सोबत जोडली आहे. तुझी जमीन, तू सांगशील तसं. भुपेंद्रले नक्कल दाखवली. त्यानं हात जोडले आणि बांधी सौद्यातून काढली.

रागावली असशील तर पत्रातच रागाव, पण पत्र लिही.

तुझा,
इश्वर


पवनी, २६ मार्च २०२५

चि. इश्वरास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि नक्कल त्याहून जास्त वेळा. त्या बाबूनं मले नाव विचारलं ते गंमत नव्हती तर.

उत्तराले उशीर झाला त्याचं कारण सांगते. आनंदाबाई म्हणाली की ताबडतोब सही करून दे, नाहीतर माहेरचं दार बंद होईल. प्रविण म्हणाला की आई, तुझी मर्जी, मले दुकान पुरते. मी दोन पोस्टकार्डं लिहिली, मले काही नको म्हणून. दोन्ही फाडली. लिहिलेलं खरं नव्हतं.

खरं असं आहे की मी एक दिवस बाबूजीवर फार रागावली. भाजीत मीठ दोनदा पडलं. लग्नानंतर इकडं वाईट दिवस आले, प्रविणचे बाबा आजारी होते, तेव्हा मी रात्रंदिवस विचार करायची की माझं म्हणून जगात काही नाही. आणि तिकडं एका पुस्तकात माझं नाव लिहिलेलं होतं. एक शब्द सांगायले काय जात होतं त्यायचं?

तुझ्यावर मात्र राग नाही. एसटीत तुझ्या मनात आलं ते कोणाच्याही मनात आलं असतं. तू ते लिहून धाडलं, तसं कोणी लिहीत नाही.

आता नीट वाच. मी हक्कसोड करणार नाही. बांधी तूच कर, पीक तुझ्याच घरी जाऊ दे, पोतं येते तसंच येऊ दे. पण नाव माझं लागलं पाहिजे. "सातबाऱ्यावर मले माझं नाव पाहायचं आहे, इश्वर." हे मी लिहिताना मोठ्यानं बोलली, आणि मले ते स्वच्छ ऐकू आलं.

कामाले लाग. मन मोकळं ठेव, तसंच माझंही आहे.

तुझी,
गोदाबाई


एकोडी, ९ जून २०२५

ती. बाईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर वाचून मले फार हलकं वाटलं, हे मागच्याच पत्रात लिहिलं होतं. आज कामाची बातमी.

तलाठ्यानं नवीनच अडचण काढली होती. खरेदीखतात गोदावरी कवडू कापगते, आधारकार्डावर गोदावरी धनीराम हटवार. ही एकच बाई हे कशावरून? मी म्हणालो, मले कडेवर घेऊन फिरली म्हणून. ते पुराव्यात चालत नाही म्हणे. मग आपल्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी दाखलखारिज रजिस्टर काढलं, धूळ झटकून आम्ही दोघंही शिंकलो. तुझी जन्मतारीख मिळाली, सातवी उत्तीर्ण मिळालं, आणि वागणूक चांगली असंही मिळालं. यावर माझी हरकत होती, पण नोंदवून घेतली नाही. तो दाखला, लग्नपत्रिका आणि साकोलीले येऊन तू केलेलं प्रतिज्ञापत्र एवढ्यावर काम झालं. भुपेंद्र नागपूरहून खास आला आणि हरकत नसल्याचा जबाब देऊन गेला. नोटिशीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यानं फेरफार मंजूर केला.

नवीन सातबारा सोबत धाडला आहे. घडी सांभाळून उघड.

आता मालकीणबाई, आपला हुकूम काय? बांधीच्या कडेच्या धुऱ्याची माती खचली आहे, भरू का? आणि धानाच्या रोवणीले येणार असाल तर गाडी धाडतो. रीता विचारून राहिली की पुढंमागं ही बांधी कोणाच्या नावानं करायचा विचार आहे. ती सहजच विचारते, तू मनावर घेऊ नको.

आशीर्वाद असू दे, आता तर तू मालकीण म्हणून तो कायद्यानंही लागेल.

तुझा,
इश्वर


पवनी, २८ जुलै २०२५

चि. इश्वर व सौ. रीतास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचली. गुडघे दुखून राहिले, पण ते आपल्या जागी. चिखलात उतरू नको म्हणून तुम्ही दोघं धुऱ्यावरून ओरडत होते, ते मले ऐकू आलं होतं. यंत्र कानातच होतं. मुद्दाम पाहिलं नाही.

तीन ओळी मी रोवल्या. रोवणाऱ्या बायका म्हणाल्या की आजी, तुमच्या ओळी वाकड्या आहेत. मी म्हणाली, राहू द्या. पाण्यात उभी असताना बाबूजीवरचा राग कुठं गेला मले कळलं नाही. थोडा उरला असेल, तो मी ठेवून घेते.

धुरा भरला ते चांगलं केलं. तळ्याचं पाणी सोडायच्या आधी मले विचारत जा. माझं उत्तर यायले आठ दिवस लागतील, तोवर धान थांबत नसेल तर तू आपल्या मनानं सोड, पण विचार.

आणि रीता, तू विचारलं होतं की ही बांधी पुढं कोणाच्या नावानं करू. पोरी, मले राग नाही आला. प्रविणची बायकोही तेच विचारते. पण सत्तर वर्षांत आत्ताच तर मिळाली. थोडे दिवस मले माझी म्हणू द्या.

दोघांवर आहे ती माया दोघांनी सारखी वाटून घ्या.

तुमची,
गोदावरी कवडू कापगते